पंचफुलाची सुपारी

तरुणपणी मी सुपाऱ्या घेत होतो असं आता कोणाला सांगितलं तर तो माणूस जरा मागे सरकून बसतो. टीव्हीनं त्या शब्दाचं वाटोळं केलं. कोणाला तरी मारायचे पैसे घेतले म्हणजे सुपारी, एवढंच आजकालच्या पोरांना माहीत. आमच्या वेळी भजनाची सुपारी असे, बँडची असे, गोंधळाची असे. गावात कार्यक्रम ठेवायचा असला की एक माणूस सुपारी घेऊन यायचा, ती आपण हातात घेतली की शब्द पक्का. मग पाऊस येवो की पाटलाच्या घरी कोणी मरो, जावंच लागे. अशा सुपाऱ्या घेणारा आणि देणारा माणूस मी होतो. गाणारा नाही, वाजवणारा नाही. मधला.

हे लिहायला लावलं ते नातीनं. रेवती तिचं नाव, पुण्यात एका कंपनीत आहे. तिथे गाणाऱ्या लोकांचे कार्यक्रम ठरवायचं काम करते. कुठे गायचं, स्टेज कसा पाहिजे, गाडी कोणाची, गाणं मोबाईलवर कोणी लावलं तर त्याचा हिस्सा कोणाला, असं सगळं. माझा पोरगा, म्हणजे तिचा बाप, तिच्यावर चिडून राहतो. "तुले गाता येत नाई, पेटी येत नाई, मंग गाण्याच्या धंद्यात काय झाडू मारतं?" असं त्यानं तिला माझ्यादेखत विचारलं. पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तुह्या बापाले सांग, तुह्या आज्याचं घर त्याच झाडूवर उभं राह्यलं." पोरगा म्हणाला, "बाबा, तुम्ही तं भाजी विकत होते." बघा. पोटच्या पोराला माहीत नाही. ते सांगायचं काम त्याच्या मायचं होतं, ती सांगायचीही रंगवून, पण हा कधी ऐकायला बसला नाही. आता ती नाही, तर मलाच लिहावं लागतं. मी सातवी नापास माणूस. चुकलं तर चुकलं.

आमचं घर जामच्या चौरस्त्यापासून आत, नाल्याच्या काठी. शेत थोडंच पण ओलिताचं. वांगे, भेदरं, पालक, सांबार, चवळीच्या शेंगा. भेदरं म्हणजे टमाटे आणि सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्याच्या लोकांसाठी सांगितलं. सकाळी डोळा उघडला की तीन आवाज कानात यायचे. हमरस्त्यावर गिअर बदलणारे ट्रक, विहिरीवरच्या इंजिनाची धकधक आणि मायचं बोलणं. माय वांग्यांशी बोलत असे. "ये बाप्पा ये, लपते कायले," असं म्हणत पानाआडचं वांगं ओढून काढायची. तिच्या हाताला काटे टोचत नसत की ती सांगत नव्हती, कोण जाणे. बाबा फार बोलत नसत. टोपल्या भरायच्या, ओल्या फडक्यानं झाकायच्या आणि सायकलच्या मागे बांधून द्यायच्या, ही त्यांची माया. जेवायला भाकर, जवसाची चटणी आणि वांगे. भरीत, भाजी, काप, सुकवलेल्या फोडी, सगळे वांगेच. विकून उरले ते आमच्या ताटात. मी एकदा म्हटलं, "मले वांग्याचा कंटाळा आला." माय म्हणाली, "वांग्याले तुहा आला नाई अजून, ते पाह्य."

गावात झिंगरूबुवांचं खंजेरी भजन मंडळ होतं. बुवा शेतकरीच, पण पेटीवर बसले की वेगळाच माणूस. खंजेरी म्हणजे तळहाताएवढी चामड्याची चकती, कडेला झांजा लावलेल्या. सगळे मिळून वाजवायला लागले की जमीन हलते. मला त्या मंडळात बसायचं होतं, दुसरं काही नको होतं. मी घरी वाजवायचो, तर माय म्हणायची की म्हैस दूध चोरते. मंडळात बुवांनी मला मागच्या रांगेत बसवलं, मग रांगेच्या टोकाला, मग सतरंजीच्या बाहेर. माझा हात ठेक्याच्या पुढे पळतो. मला कळतं की पळतोय, पण थांबवता येत नाही, बैल बिथरल्यासारखं होतं. एक दिवस बुवांनी सगळ्यांदेखत पेटी बंद केली.

"पुंडलिक," ते म्हणाले, "देवानं तुह्या हातात वांगे देले, खंजेरी नाई देली."

सगळे हसले. मी उठलो. बुवा म्हणाले, "बस. जाऊन कुठं राह्यला? हात नाई देला, पण तोंड देलं न त्यानं. बाजारात वांगे विकतं तवा आख्ख्या बाजाराले ऐकू येते. मले सुपाऱ्या आणून दे. मले मागता येत नाई, लाज वाटते."

मला लाज कधी वाटलीच नाही. आठवडी बाजारात मी एका दमात ओरडायचो, "घ्या वांगे, काटेरी वांगे, येत्या एकादशीला बुवाचं भजन, घ्या वांगे!" लोक वांगे घ्यायला वाकत आणि तारीख ऐकून जात. जामच्या हॉटेलवाल्यांना सांगून ठेवलं होतं, एसटीच्या कंडक्टरांना सांगून ठेवलं होतं. कंडक्टर तिकीट फाडता फाडता पुढच्या गावात निरोप टाकत. त्या वेळचा मोबाईल म्हणजे कंडक्टर. हळूहळू धंद्यातलं कळू लागलं. सुपारी घेताना आधी विचारायचं की भोंगा कोणाचा आहे, कारण काही भोंग्यांतून बुवाचा आवाज शेळीसारखा येई. मग विचारायचं, स्वयंपाक कोण करणार. तेलकट खाल्लं की गाणाऱ्याचा घसा गेला. मग समोर कोणती पार्टी आहे ते. आमच्याकडे दोन मंडळं समोरासमोर बसवून एकाआड एक गाण्याची रीत आहे, त्याला दुय्यम म्हणतात. समोरची पार्टी मिळमिळीत असली की आपलंही गाणं पडतं. आणि सर्वांत शेवटी बिदागी. चहा प्यायच्या आधी बिदागी काढली की माणूस आखडतो. रेवतीला हे सांगितलं तर म्हणाली, "आबा, हे आम्हाला अख्खं एक वर्ष शिकवलं." मी म्हटलं, आम्हाला एका उन्हाळ्यात कळलं, पण आमच्याकडे वांगे होते.

बाबांना हे पसंत नव्हतं. टोपली घेऊन गेलेला पोरगा दिवस बुडता परत यायचा आणि टोपलीत सुकलेला पालक असायचा. एक दिवस ते बोलले, आणि ते बोलत नसत म्हणून मी घाबरलो. "काल्याच्या कार्यक्रमापर्यंत करून घे," ते म्हणाले. "तो नाई जमला तं मंग मळाच कर. दोन्हीकडं एक एक पाय ठेवून माणूस फाटते."

तो काला, म्हणजे सप्ताहाच्या शेवटी होणारा दहीकाल्याचा उत्सव, माझ्या मायच्या माहेरी होता. तिथल्या लोकांना दरवर्षी तेच ते ऐकून कंटाळा आला होता. त्यांनी बुवांना निरोप धाडला की यंदा समोर बायांची पार्टी बसवा, तर तुमची सुपारी, नाहीतर दुसऱ्या मंडळाला देतो. बायांचं भजन होतं गावोगावी, पण आपापल्या मंदिरात, आपापल्या बायकांपुढे. पुरुषांच्या पार्टीसमोर बसवायच्या म्हणजे नवीनच गोष्ट. बुवांना कोणीतरी सांगितलं की गिरडच्या टेकडीपलीकडच्या एका गावात सरूबाई नावाच्या बाईची पार्टी आहे आणि तिची भाची गाते. भाचीच्या नावानंच पार्टी ओळखतात. पंचफुलाची पार्टी. बुवांनी काल्यावाल्यांकडची सुपारी माझ्या हातात ठेवली. "आणशील तं तुहा धंदा राह्यला," म्हणाले, "नाई तं पालक."

मी धुतलेला सदरा घातला, डोक्याला तेल चोपडलं, टोपलीत मायनं दिलेले निवडक वांगे घेतले आणि निघालो. गिरडला एसटीतून उतरून पायी. दर्ग्यावर जाणारे लोक चढणीवर दिसत होते, मी खालूनच हात जोडले आणि पुढे गेलो. ते गाव लहान. सरूबाई कुठे विचारलं तर ती निंदायला गेली म्हणाले, पण भावाचं घर समोरच. भाऊ म्हणजे किसनाजी, पंचफुलाचे वडील. ओसरीवर दोरी वळत बसले होते. त्यांच्याजवळ शेजारचे म्हातारे डोमाजी.

मला काय माहीत की त्याच आठवड्यात कोण्या मध्यस्थानं किसनाजींना सांगून ठेवलं होतं, जामच्या बाजूचा एक भाजीवाल्याचा पोरगा मुलगी पाहायला येईल म्हणून.

"कोण गाव?" किसनाजींनी विचारलं.

"जामच्या बाजूचं जी. मळा हाय आमचा."

"अन काय काम काढलं?"

"सुपारी आणली," मी म्हटलं. "तुमच्या पंचफुलाबाईची."

आता थोडं थांबून सांगायला पाहिजे. आमच्या भागात लग्न ठरलं की सुपारी फोडतात. मुलाकडचे सुपारी आणतात, पाच माणसांपुढे ती अडकित्त्यानं फोडली की सोयरीक पक्की. भजनाची सुपारी मात्र आमचं मंडळ आख्खी ठेवत असे, कार्यक्रम पार पडला की मग फोडून वाटायची. शब्द एक, कामं दोन. मी धंद्यात इतका मुरलो होतो की लग्नाची सुपारी माझ्या डोक्यातच नव्हती. आणि किसनाजींच्या घरी लग्नाची मुलगी, त्यांच्या डोक्यात भजनाची कुठून येणार?

त्यांनी दोरी टाकून दिली. सतरंजी आली, पाण्याचा गडवा आला, आत पोह्यांना फोडणी पडल्याचा आवाज आला. मी मनात म्हटलं, काय मान आहे इथे भजनवाल्यांचा! डोमाजी माझ्याकडे निरखून पाहत होते. "एकटाच आला काय बापू?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सुपारीले मी एकटाच फिरतो जी. आजवर चार-पाच गावं केली." डोमाजींनी किसनाजींकडे पाहिलं. किसनाजी हळूच म्हणाले, "हमरस्त्याजवळचे लोकं हाय, त्याइची रीत वेगळी असन." मग शेती किती, विहिरीला पाणी टिकतं का, भाऊ किती, असं विचारत गेले. मी सांगत गेलो. आणखी दोन-तीन माणसं ओसरीवर येऊन बसली. सुपारी मी ताटात ठेवली होती, कोणीतरी तिला कुंकू लावलं. तेही मला चांगलंच वाटलं.

"बरं," किसनाजी घसा खाकरून म्हणाले, "तुमची काही अट?"

"अट एकच जी," मी म्हटलं. "आवाज खणखणीत पाहिजे. आमच्याकडं मिळमिळीत चालत नाई. मंधात दम सोडला तं आमची इज्जत जाते."

किसनाजींच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं ते मला तेव्हा समजलं नाही. पुढे पंचफुलानंच सांगितलं. तिला आधी तीन स्थळं आली होती आणि तिघांनीही एकच अट घातली होती, पोरीचं गाणं बंद. चारचौघांत तोंड उघडणारी सून नको. एकानं तर खंजेरी आमच्यापुढे चुलीत घाला म्हटलं होतं. आणि हा कोण कुठला वांगेवाला येऊन म्हणतो आवाज खणखणीत पाहिजे! किसनाजींनी अडकित्ता उचलला आणि हा हातचा जाऊ नये म्हणून कचकन सुपारी फोडली.

"आताच काऊन फोडली जी?" मी घाबरलो. "कार्यक्रम व्हायचा हाय अजून."

"होईन न बापू. वैशाखात करू."

"वैशाखात? मले तं काल्याले पाहिजे. आठ दिवसावर आला."

"आठ दिवसात? तयारी कशी व्हईन?"

"तयारी कायची? हाय त्या लुगड्यावर आली तरी चालते आमाले."

डोमाजींनी कपाळाला हात लावला. "अन द्याघ्यायचं?" किसनाजींनी भीतभीत विचारलं.

"तुम्ही कायले द्यान? द्यायचं तं आम्ही."

"किसना," डोमाजी म्हणाले, "माणूस नाई, देव आला तुह्या घरी!"

मला जोर चढला. सौदा इतका सोपा कधी झाला नव्हता. मी म्हटलं, "पण पंचफुलाबाई एकटी नको जी. सात-आठ बाया तरी लागतीन."

"करवल्या म्हणता?"

"करवल्या कायच्या, सगळ्या बरोबरीच्या. एकीवर आमचं भागत नाई."

किसनाजींचं तोंड उघडं राहिलं. ते काळजीत पडले असं वाटून मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं वाक्य बोललो. "तुम्ही बिलकुल चिंता नका करू मामाजी. बैलगाडीनं नेतो, जेवू-खाऊ घालतो अन दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्याइले परत आणून सोडतो."

बैल हाकायची तुतारी, म्हणजे टोकाला आर बसवलेली काठी, खुंटीला टांगलेली होती. ती किसनाजींच्या हातात कधी आली ते मला दिसलंच नाही. मी अंगणात पळालो, पोह्यांची बशी हातात तशीच. डोमाजी ओरडत होते, "धरा त्याले!" आणि पोरं, कुत्रे, कोंबड्या सगळे एकदम पळायला लागले. त्या गोंधळात दाराआडून एक हसणं ऐकू आलं. मी तसं हसणं आधी ऐकलं नव्हतं आणि नंतर रोज ऐकलं. पोरीनं हसता हसता भिंत धरली होती. "बाबा," ती ओरडली, "थांबा वो बाबा! थो भजनाची सुपारी घेऊन आला! सरू आत्याच्या पार्टीची!"

पुढे म्हातारपणी, सावंगीच्या दवाखान्यात शेवटच्या दिवसांत ती मला म्हणायची, कॉटच्या दांड्यावर ठेका धरा. मी धरायचो. तो पुढे पळायचा. ती तशीच हसायची, आवाज निघत नव्हता तरी. शेजारच्या कॉटवरच्या बाईनं विचारलं, "मामी, काऊन हसता?" तर म्हणाली, "या माणसानं मले आठ बायांसंगं मागणी घातली होती." असो. मी काय सांगत होतो.

सरूआत्या तोवर शेतातून आली. तिला दोन शब्दांत कळलं, ती धंद्यातलीच. ती पायरीवर बसून पदरानं डोळे पुसत हसली. पण ओसरीवर कोणी हसत नव्हतं. ताटात सुपारी फुटलेली पडली होती, कुंकवासकट. पाच माणसांनी पाहिली होती. डोमाजी म्हणाले, "चुकून फुटली तरी फुटली. उद्या गावात लोकं म्हणतीन किसनाच्या पोरीची सुपारी फुटली अन पोट्टा पळून गेला." किसनाजी तुतारी टेकून खाली बसले. रागावलेला माणूस मला चालतो, पण ते रागावलेले नव्हते. त्यांच्या हातात आलेलं एक चांगलं स्थळ घटकाभरात वाफ होऊन गेलं होतं.

मग पंचफुला दारात आली. सावळी, उंच, हाताला पोह्यांची हळद. डोक्यावर पदर होता पण मान खाली नव्हती. "त्या पोह्याच्या बशीवाल्याले विचारा," ती म्हणाली, "आवाज खणखणीत पाहिजे म्हणला ते भजनापुरतं की कसं?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला गोड बोलता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं. मी म्हटलं, "मले आधी पार्टी पाहिजे. पार्टी नाई नेली तं माहे बाबा मले मळ्यात गाडतीन. लग्नाचं घरी विचारून सांगतो. पण आवाजाचं म्हणशील तं, ज्या बाईले गाता येते तिचं तोंड बंद करणारा माणूस येडा. वांग्याले वांगं लागू नको म्हणता येते काय?"

"वाजवता येते काय तुले?" तिनं विचारलं आणि आतून खंजेरी आणून माझ्यापुढे धरली. मी वाजवली. चार थापा झाल्या नाहीत तोच ती म्हणाली, "ठेव खाली." सरूआत्याकडे वळून म्हणाली, "याच्या हातात ताल नाई, म्हणून खरं बोलून राह्यला. आपण जाऊ आत्या काल्याले." तिनं असं का म्हटलं ते मी तिला पुष्कळदा विचारलं. तालाचा माणूस टाळी घ्यायला बोलतो, असं काहीतरी ती सांगायची. मला पटलं नाही, पण मी वाद घातला नाही, कारण फायदा माझाच झाला होता.

किसनाजी म्हणाले, "जाय भजनाले. पण बापू, काला झाल्यावर तुह्या मायबापाले घेऊन येजो. हो म्हणाचं असन तं हो म्हणा, नाई म्हणाचं असन तं नाई म्हणा, पण पाच माणसाइपुढं म्हणा." मग टोपलीतले वांगे त्यांनी ठेवून घेतले. जाता जाता कळलं की तो खरा मुलगी पाहणारा पोरगा दुसऱ्या दिवशी येणार होता. तो आलाही म्हणे. किसनाजींनी त्याला माझ्याच वांग्यांची भाजी खाऊ घातली आणि वाटेला लावलं.

घरी मी सगळं खरं सांगितलं. बाबा टोपल्या भरत राहिले. माय बोलली. "गाणारी सून? लोकं भाजी घ्याले येतीन की तमाशा पाह्याले? एक खंजेरीवाला या घरात होऊन गेला, तेवढा पुरला." मी म्हटलं, तुम्हाला घेऊन यायचा शब्द देऊन आलो. "शब्द तुहा," ती म्हणाली, "घर माहं." आता माझ्या मानगुटीवर दोन ओझी झाली. काला पाडायचा नव्हता आणि मायला वळवायचं होतं. काला माझ्या हातातला होता, माय कोणाच्याच हातातली नव्हती.

काल्याच्या दिवशी मी सकाळपासून धावत होतो. बैलगाडी वेळेवर धाडली, भोंगा चांगला लावून घेतला, बायांना बसायला कनात बांधली, स्वयंपाकात तेल कमी टाका म्हणून आचाऱ्याशी भांडलो. माय माहेरी म्हणून आलेलीच होती, बायकांत भाकरी थापत बसली होती. दुपारी दुय्यम सुरू झालं. बुवांनी सुरुवात केली, बरी केली. मग समोरून पंचफुला उठली. खंजेरीवर पहिली थाप पडली आणि माझ्या आजूबाजूचे लोक बोलायचे थांबले. मला सुरातलं काही कळत नाही हे मी सांगितलंच आहे. मला माणसं कळतात. पाणी वाटणारे घागर घेऊन तसेच उभे राहिले. भोंगेवाला आपल्या मशिनीजवळून उठून समोर येऊन बसला. बुवा पेटीवरचे हात काढून ऐकत होते, आणि त्यांची पाळी आली तेव्हा म्हणाले, "माही नाई, तिलेच म्हणू द्या." लोकांनी टाळ्यांनी डोकं उठवलं. हरणारी पार्टी आमची होती आणि सर्वांत जास्त मीच नाचत होतो. मी मायकडे पाहिलं. ती तव्यापाशी बसली होती आणि तव्यावरची भाकर जळत होती.

दुसऱ्या दिवशी वांगे तोडायला गेलो, तर मायचं नेहमीचं बोलणं नाही. मला वाटलं, रागावली. जवळ गेलो तेव्हा कळलं की ती गुणगुणत होती. कालचीच ओळ, पण इतकी चुकीची की मलासुद्धा कळलं. मला पाहून गप्प झाली. मीही गप्प राहिलो. धंद्यात हे शिकलो होतो, समोरचा विचार करत असला की तोंड उघडायचं नाही.

दोन-चार दिवसांनी बाबांनी सदरा मागितला. मायनं तिचं ठेवणीतलं लुगडं काढलं. आम्ही गिरडला उतरून चालत त्या गावाला गेलो. तीच ओसरी, तेच डोमाजी, तेच पाच लोक, सगळे माझ्याकडे पाहून तोंड दाबत होते. पंचफुला दाराआड. किसनाजींनी बाबांना बसवलं आणि जरा लांबूनच विचारलं, कारण मागच्या खेपेचा धसका होता. "तुमची काही अट?"

बाबांनी मायकडे पाहिलं. आता ती म्हणेल गाणं बंद, आणि मग मी काय करायचं ते मी ठरवून आलो होतो, पण ते करायची हिंमत होती की नाही हे आज सांगवत नाही.

"हाय," माय म्हणाली. "माह्यासंगं वांगे तोडाले आलं पाहिजे. अन तोडता तोडता ते काल्याचं भजन मले शिकवलं पाहिजे. मले त्याची एक ओळ येते, पुढची येत नाई." आणि कोणी म्हणा म्हटलं नाही, तरी तिनं त्या पाच माणसांपुढे, ठेवणीतल्या लुगड्यात, डोळे मिटून ती ओळ सुरू केली. तीच चुकीची. किसनाजी खाली पाहू लागले, डोमाजींनी मिशीवर हात नेला. बाबा तर ओसरीचे वासे पाहत बसले.

दाराआडून राहवलं नाही तिला. लाज, रीत, पाच माणसं, सगळं विसरून ती आतून ओरडली, "तिथं नाई वो माय! जरा थांबून उचल!"

मायनं डोळे उघडले. "असं काय?" म्हणाली, आणि थांबून उचललं.